तार घालण्याआधीच्या रात्री

प्रिय डॉक्टर,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ओपीडी आटोपून नुकतीच घरात पाऊल टाकत होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. बावन्न वर्षांच्या बाई, बारा वर्षांपासून रेस्टलेस लेग्ज (पाय हलवल्याशिवाय चैन पडू न देणारा आजार), औषधं बदलून झाली, रात्र रात्र झोप नाही. मुलाने कुठेतरी वाचलं की पाठीच्या कण्यात तार बसवली की पाय शांत होतात. "मॅडम, स्टिम्युलेटरची ट्रायल घेऊन बघू का?" असं तू विचारलंस, म्हणजे कण्यातून सौम्य करंट देणारी ती तार आधी काही दिवस तात्पुरती घालून बघायची. फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, पण तू पेन क्लिनिकमध्ये पहिलंच वर्ष काढतेयस आणि असे पेशंट तुझ्याकडे येतच राहणार. म्हणून बसून लिहितेय.

त्या बाईंचं म्हणणं तू केसपेपरवर त्यांच्याच शब्दांत उतरवलंस, ते मला फार आवडलं. "पोटरीच्या आत कुणीतरी दोरी ओढतंय." माझ्याकडच्या पेशंटांनी आजवर काय काय सांगितलं आहे! नळीत किडे वळवळतात, हाडाला खाज सुटते, पायात मुंग्यांचं वारूळ फुटतं. पहिल्या वाक्यात सहसा कुणी "दुखतंय" म्हणत नाही, आणि दुखत नाही म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडे बसल्या बसल्या पाय हलवला की लहानपणीच ओरडा बसतो, त्यामुळे ही माणसं जन्मभर पाय दाबून धरायला शिकलेली असतात. कीर्तनाला मागे दाराशी उभी राहतात, रात्रीच्या एसटीचा प्रवास टाळतात, जेवणं झाली की अंगणात फेऱ्या मारत बसतात. थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने 1672 मध्ये हा त्रास लिहून ठेवला आणि स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एक्बोम यांनी 1945 मध्ये त्याला आजचं नाव दिलं. मधल्या पावणेतीनशे वर्षांत किती जणांची "मनाचे खेळ" म्हणून बोळवण झाली असेल, या विचाराने मला अजूनही वाईट वाटतं.

निदानाबद्दल जास्त लिहीत नाही, तुला ते येतं. पाय हलवावेसेच वाटणं, ते विसाव्याला वाढणं, चालल्यावर कमी होणं, संध्याकाळी-रात्री जास्त असणं, आणि गोळे येणं, नसांचा आजार, सांधेदुखी असं दुसरं कारण नसणं. पाचही बसले तर बसले.

आता तारेकडे येते. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी गेटची कल्पना मांडली. स्पर्शाच्या जाड तंतूंतून भरपूर संदेश आले की कण्यातलं दार वेदनेसाठी अर्धं लागतं, असा तिचा गाभा. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका पेशंटच्या मज्जारज्जूवर पहिला इलेक्ट्रोड बसवला. आज आपण पेशंटला पालथं झोपवून, पोटाखाली उशी देऊन, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत जी बारीक लीड, म्हणजे तार, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या एपिड्युरल जागेतून वर सरकवतो, ती त्याच कल्पनेची नात. पायांसाठी तिचं टोक छातीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीला येतं. मग करंट सोडून आपण विचारतो, "कुठे जाणवतंय?" आणि पेशंट म्हणतो, "मांडीत... आता पोटरीत उतरलं."

तुझ्या बाई रात्री दोन वाजता उठून काय करतात, आठव. पोटऱ्या चोळतात, गार फरशीवर चालतात, भिंतीला टाच घासतात. जाड तंतू जागे करण्याचंच हे काम, फक्त हाताने आणि दिवसरात्र. म्हणून ही कल्पना मला पहिल्यापासून पटलेली आहे, आणि म्हणूनच मी फसलेही आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन फसलेल्या एका गृहस्थांना आम्ही वेदनेसाठी स्टिम्युलेटर बसवला. दुखणं निम्म्यावर आलं. टाके काढायला आले तेव्हा मी पाठीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "पाठीचं असू दे हो बाई. मी सात वर्षांनी रात्रभर झोपलो." त्यांना रेस्टलेस लेग्ज होतं हे आमच्या कागदांवर कुठेच नव्हतं! या विषयावर जे वैद्यकीय वाङ्मय आहे, तेही बरंचसं असंच जमलेलं आहे. एकेका पेशंटची हकिगत, काही छोट्या मालिका. त्यांतल्या बऱ्याच जणांना तार बसली होती पाठीच्या किंवा पायाच्या दुखण्यासाठी, आणि पाय शांत झाल्याचं मागाहून लक्षात आलं. यंत्राला मान्यता आहे ती मुख्यतः जुनाट वेदनेसाठी. केवळ रेस्टलेस लेग्जसाठी ते बसवणं म्हणजे मान्यतेबाहेर जाऊन वापरणं, हे पेशंटला स्पष्ट मराठीत सांगितलंच पाहिजे.

त्या गृहस्थांच्या झोपेने मी भारावून गेले. पुढच्या वर्षी चाळिशीचा एक माणूस आला. दुखणं अजिबात नाही, फक्त पाय. मी ट्रायल घेतली. पहिल्या तीन रात्री तो लहान मुलासारखा झोपला, त्याची बायको वॉर्डात येऊन माझ्या पाया पडायला लागली. पाचव्या रात्री वळवळ परत आली, सहाव्या रात्री होती तशीच. सातव्या दिवशी आम्ही लीड काढली. डिस्चार्जच्या वेळी त्याच्या बायकोने पिशवीतून औषधांची थैली काढून विचारलं, "यातलं काय चालू ठेवू?" त्यात एक कॅप्सूल होती, ॲसिडिटीची, रोज सकाळी उपाशीपोटी, चार वर्षांपासून. रॅबेप्रॅझोल आणि लेव्होसल्पिराइड. दुसरं औषध मेंदूतलं डोपामिन हे रसायन अडवतं, म्हणजे असे पाय भडकवू शकतं. पहिलं पोटातलं आम्ल कमी करतं, म्हणजे लोह अंगी लागू देत नाही. एकाच कॅप्सूलने दोन बाजूंनी मार! मग फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, पाठवलं. ते आलं 11, फारच कमी. हिमोग्लोबिन 13 च्या वर होतं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. मलाही नाही. त्याच्या कण्यात सुई घालण्याआधी ती थैली उघडायला मला पाच मिनिटं लागली असती. कॅप्सूल बंद केली, लोह दिलं, आणि चार-पाच महिन्यांत तो बहुतेक रात्री झोपायला लागला. कण्यातल्या छिद्राचा त्याला काहीच उपयोग झाला नाही.

म्हणून हे मनापासून सांगते. तारेचा विचार करण्याआधी त्या बाईंची थैली टेबलावर रिकामी करायला लाव. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, झोपेसाठी म्हणून दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन, नैराश्याच्या इतर बऱ्याच गोळ्या, सगळ्यांकडे संशयाने बघ. मात्र मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नैराश्याची गोळी कधीही थांबवू नकोस. फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही रक्तातल्या लोहाची दुसरी तपासणीही पाठव, कारण अंगात कुठे दाह असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं. साध्या रक्तक्षयासाठी जे फेरिटिन चालून जातं ते इथे चालत नाही. इथे 75 पर्यंत असलं तरी लोह द्यायचं. मेंदूतलं लोह कमी असणं हे या आजाराच्या मुळाशी आहे आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याची खबर देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. जिथे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्तच उणं आहे, तिथे लोह न तपासता स्टिम्युलेटरकडे जाणं मला अन्याय वाटतो. आणि गोळी चहाबरोबर घेत नाहीत ना, हे विचारायला विसरू नकोस. घेतात. हमखास घेतात.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. फोनवर तू ओझरतं म्हणालीस की त्या आठ वर्षांपासून प्रामिपेक्सोल, म्हणजे डोपामिनसारखं काम करणारी गोळी, घेतायत, डोस तीनदा वाढला, आणि हल्ली दुपारी चारलाच सुरू होतं, हातांतही येतं. थांब जरा. रात्रीचा त्रास दुपारवर आला, पायांतून हातांत गेला, डोस वाढवला की चार महिने बरं आणि मग आणखी वाईट, याला ऑगमेंटेशन म्हणतात. औषधच आजार वाढवतंय. ज्यांना आपण "कशालाच दाद देत नाही" म्हणतो, त्यांतले कितीतरी जण असे औषधाने वाढवलेले असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल नेहमीच्या वापरासाठी नकोत असं सांगितलं आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही नसांवरची औषधं आणि शिरेतून लोह यांना पुढे आणलं. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो. माझ्या एका पेशंटने मोबाईलवर रमी खेळून मुलीच्या लग्नाचे पैसे घालवले आणि दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून एकटीला बसवून, मायेने विचार.

ती गोळी एकदम बंद करायची नाही. न्यूरॉलॉजीच्या सरांना बरोबर घे, हळूहळू उतरव. शेवटचा तुकडा सुटतो तेव्हाच्या काही रात्री फार भयंकर असतात. त्या रात्रींसाठी बाईंना आणि घरच्यांना आधीपासून तयार कर, तुझा नंबर दे, सुट्टी घ्यायला सांग. हे दिवस पार पडल्याशिवाय मूळ आजार किती आणि औषधाची करणी किती, ते कुणालाच कळणार नाही. अशा पायांवर ट्रायल घेतलीस तर तू नेमकं काय मोजणार?

मोजण्याचा प्रश्न तसाही अवघड आहे. या आजाराच्या औषध-चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही एक तृतीयांशाहून जास्त पेशंटना चांगला आराम पडलेला आहे. तारेची ट्रायल असते पाच-सात दिवसांची, त्याहून लांबवली तर जंतुसंसर्गाची भीती. आशेचा असर मात्र सात दिवसांत ओसरतोच असं नाही. माझ्या त्या माणसाचा पाचव्या रात्री ओसरला, हे त्याचं नशीब. आठवडाभर टिकला असता तर मी त्याच्या अंगात कायमची बॅटरी बसवली असती.

सगळं करून झालं, लोह भरलं, गोळी सुटली, गॅबापेंटिन झालं, वेळ पडली तेव्हा कमी मात्रेतलं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं औषधही झालं, आणि तरी बाई रात्री चालतच असतील, तर तार हा विचार करण्याजोगा मार्ग आहे, आणि तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पाठ किंवा पाय दुखतही असतील तर मन जास्त सहज तयार होईल, कारण मग यंत्राला तिथे बसायचं रीतसर कारण आहे. ट्रायलआधी दोन आठवडे रोजची झोपेची वही लिहून घे. दहा प्रश्नांची, 40 गुणांची तीव्रता-मोजणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा दुसऱ्या कुणाकडून करून घे, तू करू नकोस. तुझा चेहरा बघून पेशंट गुण देतात. 10 किलोहर्ट्झच्या, म्हणजे फार जलद करंटच्या, पद्धतीत झिणझिण्या येत नाहीत. तेव्हा आधी सगळं समजावून, संमती घेऊन, एखाद्या रात्री यंत्र बंद ठेवता येतं आणि पेशंटला चालू-बंद ओळखू येत नाही. ती एक रात्र तुला बाकीच्या सगळ्या रात्रींपेक्षा जास्त सांगेल.

खर्च अनेक लाखांत जातो आणि विम्याचं उत्तर आधी लेखी हातात असावं. लीड सरकते, कधी तुटते, बॅटरीसाठी कातडीखाली केलेला खिसा पिकतो, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. पहिले सहा-आठ आठवडे वाकून केर काढणं, कळशी उचलणं बंद. हे सगळं त्या मुलाला नको, बाईंना सांग. कण्याला हात न लावणारा एक उपायही आला आहे. गुडघ्याखाली पट्टा बांधून पेरोनियल नसेला अर्धा तास उत्तेजना द्यायची. 133 जणांवर खोट्या यंत्राशी तुलना करून तो तपासला गेला आणि 2023 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. असं सोपं काही हाताशी येत असेल तर कण्यात शिरण्याची घाई कशाला?

सोमवारी त्या पुन्हा येणार आहेत म्हणालीस ना? नवऱ्यालाही बोलाव. झोपेत बाईंचे पाय किती वेळा झटके देतात ते बाईंना स्वतःला माहीत नसतं, शेजारी झोपणाऱ्याला माहीत असतं. औषधांची थैली आणायला आजच फोन करून सांग. फेरिटिन आलं की आकडा मला कळव, कितीही रात्र झालेली असली तरी.

तुझी,
मॅडम