पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’, आत गव्हाचं पीठ: दावा कशावर उभा करायचा?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक आजार आहे (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन त्याच्या आतड्याला बाधतं), गहू-मैदा पूर्ण बंद. कोल्हापुरातल्या एका मसाल्याच्या दुकानातून १०० ग्रॅम हिंगपूड घेतली. दुकानाने स्वतः भरलेल्या पाकिटावर ‘शुद्ध हिंग – ग्लुटेनमुक्त’ असं स्टिकर होतं. दोन महिन्यांत मुलाचं पोट बिघडलं, रक्ततपासणीत टीटीजी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं) वाढलेली आली. परत दुकानात गेले तर ज्या मोठ्या डब्यातून पूड भरतात, त्यावर घटकांत ‘गव्हाचे पीठ’ छापलेलं. दुकानदार म्हणतो, ‘सगळ्याच हिंगात पीठ असतंय, आम्ही नुसतं भरून देतो.’ केस होईल का? – एक आई, राजारामपुरी

ताई, केस होईल. पण तुमच्या हातात दोन वेगवेगळे मुद्दे आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पाकिटावरचं लिखाण खोटं होतं, हा पहिला. त्या हिंगामुळेच मुलगा आजारी पडला, हा दुसरा. पहिला भक्कम आहे. दुसरा सिद्ध करणं अवघड आहे. सगळा दावा दुसऱ्यावर टांगलात, तर पहिलाही हातचा जाईल.

आधी पहिला. हिंगाच्या झाडाच्या चिकात गहू नसतो. तो चीक फार उग्र असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ किंवा स्टार्च मिसळून बांधानी हिंग करतात. हे कायदेशीरच आहे, आणि दुकानदाराचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. मात्र ते पीठ तांदळाचंही असू शकतं, आणि गव्हाचं असेल तर २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ॲलर्जीकारक घटक म्हणून पाकिटावर वेगळं सांगावंच लागतं. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलीग्रॅम आहे. समजा, हिंगात निम्मा मैदा आहे आणि मैद्यात आठ टक्के ग्लुटेन धरलं, तर हिशेब किलोमागे ४०,००० मिलीग्रॅमवर जातो. इथे चूक थोडक्यात हुकली असं म्हणायला जागाच नाही.

‘शुद्ध’ या शब्दाकडेही दुर्लक्ष करू नका. शुद्ध हिंगात स्टार्च एक टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. ग्लुटेनच्या तपासणीवर वाद झालाच, तरी स्टार्चच्या आकड्यावर स्टिकरचा हा अर्धा भाग खोटा ठरतो.

‘आम्ही नुसतं भरून देतो’ हा बचाव तर त्याच्याच अंगलट येणारा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८६ नुसार, मालाच्या पॅकिंगवर किंवा लेबलवर ज्याचं बरंचसं नियंत्रण आहे, किंवा ज्याने स्वतःहून वेगळी हमी दिली आहे, तो विक्रेताही जबाबदार धरला जातो. ठोक व्यापाऱ्याने डब्यावर गहू लिहिला होता. ‘ग्लुटेनमुक्त’ हे दुकानानेच चिकटवलं. लहान पाकिटांना घटकांच्या यादीतून सूट असल्याचंही ते म्हणतील. ती सूट १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या पाकिटाला आहे. पट्टी घेऊन मोजा: १० बाय १४ चं पाकीट असेल तर त्याची एक बाजूच १४० भरते. आणि सूट असली तरी खोटं लिहायची मुभा कुणालाच नाही.

आता दुसरा मुद्दा. समोरचे वकील काय विचारतील ते आधीच ऐकून ठेवा. चार माणसांच्या आमटीला पाव ग्रॅम हिंग धरला, तर वरच्या हिशेबाने त्यात १० मिलीग्रॅम ग्लुटेन, आणि मुलाच्या वाटीत अडीच. आमटी, भाजी, फोडणीचं ताक धरून दिवसाला सात-आठ. सिलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंत सहसा बाधत नाही असं मानलं जातं, आणि ते नेमकं यावरच बोट ठेवतील. मग शाळेतला डबा, पोळ्या झालेलं पोळपाट, औषधाच्या गोळ्या, असं एकेक काढतील. आपल्याकडची वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, तर नक्कीच. तिच्यात हिंग पडतोच, आणि कांडप यंत्रावर आधी कुणाचा कोणता माल गेला हे कुणी बघत नाही. म्हणून हिंग आणण्याआधीचा आणि नंतरचा टीटीजी अहवाल, त्या काळात मुलाने काय खाल्लं याची टिपणं आणि पोटविकारतज्ज्ञांचं लेखी मत, हे तिन्ही जमवा. हिंग थांबवल्यावर काही महिन्यांनी आकडा उतरला, तर तो अहवालही जोडा. पण त्या काळात बाकीचा आहार बदलू नका.

पुराव्यात सगळ्यात मोठी चूक क्रमाची होते. आधी नोटीस पाठवली की दुसऱ्या दिवशी स्टिकरं गायब होतात. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापुरातल्या सहायक आयुक्तांकडे (अन्न) आधी लेखी तक्रार द्या. तिला स्टिकरचा, मोठ्या डब्याचा फोटो आणि बिल जोडा. बिल नसेल तर यूपीआयची नोंद चालेल. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून नमुना घेऊन त्याचे चार भाग सीलबंद करतात, आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. ग्लुटेनची तपासणी मागताय, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली तुम्ही स्वतःही विश्लेषण करून घेऊ शकता, पण तो हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. अशा वेळी तो माल द्यायलाच नाही म्हणू शकतो.

घरातलं उघडं पाकीट फेकू नका, आणि पूड बरणीतही काढू नका. आहे त्याच पाकिटात, दुसऱ्या पिशवीत सील करून, तारीख घालून ठेवा. घरी आयोडीन टाकून बघितलंत तर निळा रंग फक्त स्टार्च दाखवतो. तांदळाचं पीठही निळंच होतं. तो गव्हाचा पुरावा नव्हे.

नमुना गेला की दुकानाला स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून इथेच दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मागणी अशी करा: हिंगाची किंमत, तपासण्या आणि डॉक्टरांचा खर्च, मनस्तापाची भरपाई, आणि ते स्टिकर लावणं बंद करण्याचा आदेश. खोट्या लेबलसाठी अन्न सुरक्षा कायद्याचा तीन लाखांपर्यंतचा दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. त्याच कायद्याच्या कलम ६५ खाली इजेसाठी एक लाखापर्यंत भरपाई मिळू शकते, पण तिथे पुन्हा आजाराचा संबंध दाखवावा लागतो.

शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुकानाचं नाव अहवाल येण्याआधी टाकू नका. उलट तुमच्यावरच बदनामीचा दावा लागेल, आणि तुमची बाजू कमकुवत होईल.

तोवर घरात दोनच प्रकारचे हिंग ठेवा: तांदळाच्या पिठाचा, कंपनीने सीलबंद केलेला आणि ‘ग्लुटेनमुक्त’ छापलेला; किंवा घटकांत गहू नसलेला खडा हिंग, तोही सुटा नव्हे. सुटा खडा ज्या सुरीने फोडतात, तिच्यावर आधीच्या हिंगाचं पीठ असतं. खडा उग्र असतो, आमटीला मुगाच्या दाण्याएवढा पुरतो. बिल आणि वेष्टन त्याचंही जपून ठेवा.