नववे पान आणि शेवटचे दार

प्रश्न : रोमान पोलान्स्की यांचा ‘द नाइन्थ गेट’ (१९९९) हा चित्रपट आम्ही नुकताच घरी पाहिला. शेवटी पुस्तकांचा दलाल कोर्सो किल्ल्याच्या दाराकडे चालत जातो, दार उघडते, पडदा उजेडाने भरून जातो आणि चित्रपट संपतो. माझे मेहुणे म्हणतात की तो सैतानाच्या स्वाधीन झाला. मला वाटते की त्याला ज्ञान मिळाले. खरे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वादात पडण्यापूर्वी कोर्सोच्या धंद्याकडे लक्ष वेधतो. तो दुर्मिळ पुस्तकांचा पारखी आहे. १६६६ मध्ये छापल्या गेलेल्या आणि ज्याच्या कर्त्याला पुढच्याच वर्षी जिवंत जाळण्यात आले, अशा, सैतानाला बोलावण्याची विद्या सांगणाऱ्या एका ग्रंथाच्या उरलेल्या तीन प्रती ताडून पाहण्यासाठी बाल्कन नावाचा धनिक त्याला युरोपात पाठवतो. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला, पोथ्यांचे पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतल्या मजकुराचे फरक, लावणाऱ्यांची परंपरा आहे, तेव्हा हे काम आपल्याला अनोळखी वाटू नये. पाठभेदांमुळे अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शोधून शुद्ध केली, तेही याच जातीचे काम. हेतूंची तुलना करण्याचा मात्र माझा मुळीच इरादा नाही.

कोर्सोला आढळते ते असे की तिन्ही प्रतींपैकी कोणतीही एक पूर्णपणे खरी किंवा खोटी नाही. प्रत्येकीतल्या नऊ चित्रांपैकी तीनच चित्रांखाली सैतानाची आद्याक्षरे आहेत आणि फरक अगदी बारीक आहेत : एका चित्रातल्या म्हाताऱ्याच्या हातातील किल्ल्या एका प्रतीत उजव्या हातात आहेत, तर दुसरीत डाव्या. बाल्कन खून पाडून तिन्ही प्रतींतली आद्याक्षरांची मिळून ही नऊ चित्रे गोळा करतो, आता आपल्याला अग्नीही शिवणार नाही अशा भरवशावर स्वतःला पेटवून घेतो आणि सरळ जळून जातो. त्याच्याजवळचे नववे चित्र बनावट होते. श्रद्धा, पैसा, क्रौर्य सगळे असूनही तो एका प्रक्षिप्त पानामुळे मेला, ही या चित्रपटातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

खरे नववे चित्र कोर्सोला कसे मिळते, ते पुन्हा पाहा. स्पेनमधल्या तोलेदो शहरातल्या पुस्तकविक्रेत्या भावांच्या रिकाम्या होत चाललेल्या दुकानात कपाट हलवताना ते वरून खाली पडते. तिथवर त्याला ती हिरव्या डोळ्यांची अनाम तरुणी आणते, आणि चित्रातल्या, श्वापदावर बसलेल्या स्त्रीचा चेहराही तिच्याशीच जुळतो. म्हणजे ज्या वाटेने तो ‘शोधत’ आला, ती वाट त्याच्यासाठी आखलेली होती. म्हणून ‘त्याला ज्ञान मिळाले’ या आपल्या वाक्यातल्या ‘मिळाले’ या क्रियापदाबद्दल मला शंका आहे. तो पोहोचला, की पोहोचवला गेला? मेहुण्यांचेही सर्वस्वी मान्य करवत नाही, कारण ‘स्वाधीन होणे’ म्हणावे तर कोर्सो कुठेही शरण जात नाही, मंत्र म्हणत नाही, काही मागतही नाही. शुद्ध पाठ हातात आलेला वाचक पुढचे पान उलटतो, तितक्याच सहजपणे तो दारात शिरतो, आणि ते पान दिग्दर्शकाने आपल्याला दाखवलेले नाही.

मेहुण्यांना एक विनंती करा. पुढच्या वेळी सुरुवातीची श्रेयनामावली पुढे पळवू नका. त्या नावांमागे एकामागून एक दारे उघडत जातात आणि त्यांतून आत जाणारी नजर कोर्सोची नसते.