रॉकेट विमानाच्या टेस्ट फ्लाइट: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीने प्रवाशांना अंतराळाच्या काठावर नेण्यासाठी बनवलेल्या स्पेसशिपटू या रॉकेट विमानाबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले पाच घेतोय.

प्रश्न: ८०-८५ किलोमीटर वर जाऊन लगेच खाली. याला अंतराळ म्हणायचं की मार्केटिंग?

रेघ कुठे मारता त्यावर आहे. अमेरिकेत ५० मैल म्हणजे साधारण ८० किमी पुरतात, इतर बरेच जण १०० किमीची कार्मान रेषा मानतात. 'युनिटी' नावाचं स्पेसशिपटू १३ डिसेंबर २०१८ ला ८२.७ किमीपर्यंत गेलं, म्हणजे एका हिशोबाने पास आणि दुसऱ्याने नापास. गंमत म्हणजे विमानांचे डिझायनर बर्ट रुटान यांच्या छोट्या स्पेसशिपवनने २००४ मध्येच १०० किमी ओलांडून १ कोटी डॉलरचं बक्षीस नेलं होतं. मला विचाराल तर उंचीवरून भांडण्यात अर्थ नाही, खरा फरक वेगाचा. हे विमान ध्वनीच्या तिप्पट वेगाने जातं, पण कक्षेत टिकायला ताशी २८,००० किमी लागतात, म्हणजे जवळपास आठपट, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते म्हणून साठेक पट.

प्रश्न: मग परत येताना जळत कसं नाही?

वेगच कमी, त्यामुळे तापतं पण बेताचं. शिवाय वर गेल्यावर शेपटीचा भाग साधारण ६० अंश वर वळतो, याला 'फेदर' म्हणतात. बॅडमिंटनचं फूल कसंही उडवा, बुचाची बाजू आपोआप पुढे येते, तसंच विमान पोटावर सरळ होऊन खाली येतं, पायलटला फार झटापट करावी लागत नाही. दाट हवेत आलं की शेपूट परत जागेवर आणि मग इंजिनाशिवाय तरंगत रनवेवर. चुकलं तर पुन्हा घिरटी मारायची सोय नाही.

प्रश्न: २०१४ च्या अपघातात चूक पायलटचीच होती ना?

हो आणि नाही, याला जरा सविस्तर उत्तर लागेल.

फेदरसाठी दोन हँडल होती, एक कुलूप उघडायचं आणि दुसरं शेपूट वळवायचं. कुलूप माक १.४ (ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट) झाल्यावर उघडायचं, कारण त्याआधी, ध्वनीच्या वेगाच्या आसपास, हवा शेपटीला वरच ढकलत असते आणि तेव्हा तिला धरून ठेवायला फक्त ते कुलूपच असतं. ३१ ऑक्टोबर २०१४ ला मोहावीच्या वाळवंटावर युनिटीच्या आधीच्या स्पेसशिपटूचं रॉकेट पेटलं आणि को-पायलट मायकल अल्सबरीने माक ०.८ च्या सुमारास कुलूप उघडलं. दुसऱ्या हँडलला कोणी हातही लावला नव्हता, शेपूट आपसूक उचललं गेलं आणि विमानाचे तुकडे झाले. अल्सबरी गेले, पायलट पीटर सीबोल्ड पॅराशूटमुळे वाचले.

आता त्यांची बाजू बघा. माक १.८ च्या आत कुलूप उघडलं नाही तर उड्डाण रद्द, मधे फक्त काही सेकंद, सगळं तोंडपाठ करायचं आणि विमान थरथरतंय, जे सिम्युलेटरमध्ये होत नाही. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने २०१५ मध्ये म्हणूनच बोट बनवणाऱ्यांकडे दाखवलं, की एका माणसाच्या एका चुकीने सगळं संपू शकतं हा विचारच केला नव्हता. आमच्या घरच्या वॉशिंग मशीनचं दार कपडे फिरत असताना उघडत नाही, कितीही ओढा! तसलाच आपोआप अडवणारा अटकाव नंतर युनिटीमध्ये बसवला.

प्रश्न: टेस्टिंगला इतकी वर्षं का लागतात?

आधी नुसतं मोठ्या विमानाला टांगून फिरवतात, मग सोडून तरंगवतात, मग थोडा वेळ मोटर पेटवतात. युनिटीचं पहिलं ग्लाइड डिसेंबर २०१६ ला, मोटर पेटली एप्रिल २०१८ मध्ये आणि तिकीटवाली सेवा जून २०२३ ला. मधे डिसेंबर २०२० मध्ये मोटर पेटली न पेटली तोच बंद झाली आणि दोन्ही पायलट गुपचूप तरंगत परत आले. पेपरात 'अपयश' आलं, मी त्याला पास म्हणेन, कारण बिघडल्यावर सुखरूप घरी येतं हे दिसलं. जुलै २०२१ च्या, कंपनीचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या फ्लाइटबद्दल मात्र असं म्हणवत नाही, तीही टेस्टच होती आणि विमान ठरलेल्या हवाई हद्दीबाहेर १ मिनिट ४१ सेकंद होतं, वर सगळीकडे जल्लोष. नंतर एफएएने (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) काही आठवडे उड्डाणं थांबवली ते बरंच केलं.

प्रश्न: आपल्याकडे असलं काही आहे का? आणि तुम्ही बसाल का?

इस्रोचं 'पुष्पक' आहे, पण बिनमाणसाचं आणि हेतू वेगळा, पुढे कक्षेतून परत येण्याचा. २ एप्रिल २०२३ ला चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किमीवरून सोडलं आणि ते स्वतःचं स्वतः रनवेवर उतरलं.

बसायचं म्हणाल तर युनिटी जून २०२४ ला रिटायर झालं, आता कंपनीचं पुढचं विमान 'डेल्टा' यायचंय. त्याची ग्लाइड किती झाली ते आधी मोजेन. तिकिटाचं बघा, मधे साडेचार लाख डॉलर होतं, तेवढे कोणी भरले तर कळवा.