सिंहपुच्छ माकडाचे छायाचित्र काढण्यापूर्वी
सिंहपुच्छ माकडासाठी तमिळनाडूतल्या वालपराईला निघण्याआधी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चार-पाच रविवार लंगुरांवर हात बसवून घ्यावा, हे माझे आपणांस पहिले सांगणे. सिंहपुच्छ माकड पश्चिम घाटाच्या सदाहरित वर्षावनात बहुधा उंच फांद्यांवरच वावरते. मागे पांढरे आभाळ आले की कॅमेरा फसतो आणि करड्या आयाळीतला काळा चेहरा निव्वळ डाग होऊन बसतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतला जाणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आभाळ जळून पांढरेफटक झाले तर खुशाल होऊ द्यावे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यायला बिचकू नये. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच ठेवावा. माझी एक अख्खी सकाळ भिंगावरचे धुके पुसण्यात गेली आहे. केळे दाखवून माकड खाली बोलावणाऱ्या वाटाड्याबरोबर मात्र मुळीच जाऊ नये.