'मॉन्गीस' कुठून काढलंत?

प्रश्न आहे: इंग्रजीत 'मॉन्गूस'चं अनेकवचन 'मॉन्गीस' होतं ना? आणि त्याचा 'गूस' पक्ष्याशी संबंध काय?

होत नाही. 'मॉन्गूसेस' म्हणा. संबंधही काडीचा नाही. 'गूस'चं 'गीस' होणं ही इंग्रजीच्या जन्माआधीची, ती ज्या जर्मानिक भाषाकुळातली त्या कुळाची खोड आहे. सतराव्या शतकात आलेल्या पाहुण्याला ती कशी लागेल? उद्या 'मूस' (moose, मोठं हरीण) याचं 'मीस' कराल.

खरी गंमत पुढे आहे. हा शब्द आपला आहे. मुंगूस! काही जण लगेच तेलुगूतलं 'मुंगिस' आणि कन्नडमधलं 'मुंगुसि' पुढे करतात. मूळ द्राविडी असेल, भांडत नाही. पण शेवटच्या 'स'वर धाडकन थांबणारं आणि त्याआधी दीर्घ 'ऊ' असलेलं रूप मराठीच देते. इंग्रजांनी नेमकं तेच उचललं आणि शेपटाला ओळखीचा 'गूस' दिसला म्हणून स्पेलिंगही तसंच केलं. कोशकार मध्ये पोर्तुगीजांना आणतात, म्हणजे शब्द त्यांच्यामार्फत इंग्रजीत गेला म्हणतात. फ्रेंच 'मांगूस्त'साठी आणा खुशाल, पण इंग्रजीत 'मुं'ने सुरू होणारं जुनं स्पेलिंगही सापडतं, त्याचं काय करणार?

माझा संशय जॉन फ्रायरवर आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा डॉक्टर 1673 मध्ये मुंबईत उतरला, 1675 मध्ये मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून घाट चढून जुन्नरला गेला. 1698 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा शब्द आहे. जुन्नरच्या वाटेवर कुणा हमालाने बोट दाखवून 'मुंगूस' म्हटलं असणार. पुरावा नाही, पण मला पटलंय!

आणि इंग्रजी अनेकवचनांची एवढी काळजी करणारे मराठीत सर्रास 'मुंगूसाला', 'बेडूकाला', 'लाकूडाला' म्हणतात, त्याचं काय? बेडूक-बेडकाला, लाकूड-लाकडाला, तसं मुंगूस-मुंगसाला. मधला 'ऊ' प्रत्यय लागताच गळतो. व्याकरणाचं पुस्तक नको, लहानपण आठवा. बांधावरून मुंगूस सुर्रकन गेलं की आम्ही ओरडायचो, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" 'मुंगूसा' म्हणून हाक मारलेली कुणी ऐकली आहे का?