वाडा सासवडला, मालक पुण्यात

प्रश्न : सासवडच्या बाजारपेठेत आमच्या आजोबांचा दुमजली वाडा आहे. रस्त्याच्या बाजूला चार गाळे, चारही बंद. आम्ही तिघे भाऊ पुण्यात. बिल्डर मागे लागलाय. वाडा पाडायचं मनात नाही. पण भाडेकरू एकदा बसला की उठत नाही, अशी थोरल्या भावाला धास्ती. गावातलं गिऱ्हाईकही आता हडपसरला जातं. काय करावं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : थोरल्या भावांची धास्ती खरी आहे. पेठांमधल्या कितीतरी घरमालकांनी पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन बसलेला भाडेकरू नाममात्र भाड्यात उठेचना असे, दिवस भोगलेत. पण लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी देणाऱ्या करारात, भाडेकरूचा हक्क तयार होत नाही. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका. आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून तिघांची नावं लागलीत का ते बघा.

आता वाड्याकडे. मी जुन्या वाड्यांची दुरुस्ती करते, म्हणून कळकळीने सांगते : वाडा राहत्या माणसामुळे टिकतो. माणूस असला की पावसाळ्याआधी कौलं शाकारली जातात. कुलूप लागलं की एक कौल सरकतं, पाणी भिंतीत उतरतं, आणि तुळईचं जे टोक भिंतीत गेलेलं असतं ते आतून कुजतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. पेचकस टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तर तो गाळा तूर्त कुणाला देऊ नका. भिंतींना सिमेंटचा गिलावा तर मुळीच नको, ओल आत कोंडते. चुनाच हवा.

पुण्यातला पेशव्यांचा विश्रामबागवाडाच बघा, १८०७ सालचा. पेशवाई गेल्यावर तिथे पाठशाळा भरली, सरकारी कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं. वापर बदलत गेला, म्हणून तो आज उभा आहे.

तुम्ही एकच गाळा उघडा, सगळ्यात कोरडा असेल तो. कॅफेच्या मोहात पडू नका. वारीत माउलींच्या पालखीचा सासवडला मुक्काम असतो, गर्दी लोटते. पण त्या गर्दीवर वर्षाचं भाडं निघत नाही. गावाला रोज लागणारं काम आणा : मिक्सर-पंख्यांची दुरुस्ती, शिलाई. पिठाची गिरणी मात्र नको, मातीच्या भिंतींना हादरे सोसत नाहीत. माझी पसंती अंजीर वाळवणाऱ्या, जॅम करणाऱ्या बचत गटाला. आपल्या पुरंदर तालुक्याच्या अंजिराला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण पिकलेलं फळ दोन दिवस धड टिकत नाही. भाव पडला की शेतकऱ्याचा माल अक्षरशः मातीमोल होतो. पेठेतच प्रक्रिया आणि विक्री झाली तर पैसा तालुक्यात राहील.

पहिलं वर्ष भाडं कमी घ्या. दुरुस्तीचा खर्च भाडेकरू करणार असेल तर तो भाड्यातून किती आणि कसा वळता होणार, हे करारातच लिहा. आणि बिल्डरला होकार देण्याआधी तुळयांच्या टोकांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर धाडा. कुठली बदलावी लागेल, कुठली नाही, ते बघून कळवते.