घरगुती वापरासाठी फोटो आणि ग्राफिक्सचं परवडणारं सॉफ्टवेअर कोणतं?

तुम्ही लिहिलंय की आजी-आजोबांचे जुने फोटो नीट करायचे आहेत, मुलाच्या मुंजीची पत्रिका घरीच करायची आहे, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे आणि दर महिन्याला पैसे भरत राहणं परवडणार नाही.

माझं सरळ मत सांगतो: काहीही विकत घेऊ नका. फोटो दुरुस्तीसाठी गिम्प आणि पत्रिकेच्या मांडणीसाठी इंकस्केप, ही दोन सॉफ्टवेअर्स इंटरनेटवरून उतरवून घ्या. दोन्ही पूर्ण मोफत आहेत. मुदत संपत नाही, चित्रावर शिक्का उमटत नाही. आमच्या घरातले जवळजवळ सगळे जुने फोटो मी गिम्पवरच दुरुस्त केले आहेत, त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय.

फोटोशॉप उत्तम आहे, पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. वर्षातून चार-पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी बारा महिने वर्गणी भरण्यात अर्थ नाही. आणि कुणी क्रॅक केलेली कॉपी देऊ केली तर कृपा करून घेऊ नका. मी एकदा घेतली होती. ती चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागला आणि आठवड्याभरात लॅपटॉपमधल्या सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या. भाचीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, ते परत मिळाले नाहीत.

गिम्पची सुरुवात १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी केली. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात फिल्टर लावल्यानंतरही मूळ चित्र शाबूत राहतं आणि फिल्टर मागाहून बदलता येतो. नवशिक्याला याचा फार आधार वाटतो. फक्त ते गिम्पच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. शोध घेतल्यावर वर जाहिराती दिसतात, त्यांतून नकली कॉपी गळ्यात पडल्याची उदाहरणं आहेत.

आता जुन्या फोटोंचं. खरं काम स्कॅनिंगला आहे. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, पासपोर्टएवढा छोटा असेल तर १२०० वर. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन मात्र रंगीतच करा, त्याचं कारण पुढे येतंच. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी समांतर धरून फोटो काढा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच टिपा. ओढला की वरचा थर सुटून काचेवर राहतो आणि मग कुठल्याच सॉफ्टवेअरचा उपयोग नाही.

कृष्णधवल फोटोवर पिवळे-तपकिरी डाग असतात. रंगीत चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचं बनलेलं असतं, त्यांना चॅनेल म्हणतात. हे डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसे होतात. म्हणून रंगीत स्कॅन हवा. गिम्पमध्ये कलर्स, मग डिसॅच्युरेट, त्यात मोनो मिक्सर उघडा. लाल १ आणि बाकी दोन्ही शून्य करा. आमच्या आजोबांच्या आईचा नऊवारीतला फोटो चहा सांडल्यासारखा झाला होता. एवढ्या एका गोष्टीने त्यातले निम्म्याहून जास्त डाग गेले आणि तिची नथ पहिल्यांदा नीट दिसली. घरातले सगळे लॅपटॉपभोवती जमले होते.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, कारण त्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो. तिथे कलर्समधलं लेव्हल्स उघडा आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल एकेक करून निवडा. प्रत्येकात दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेखातला डोंगर जिथे सुरू होतो आणि संपतो तिथपर्यंत सरकवा. त्वचेचा रंग परत येतो.

चिरा आणि भेगांसाठी हील टूल आहे, कळफलकावर एच दाबलं की मिळतं. आधी फोटोवर एक रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घ्या, टूलच्या पर्यायांत सॅम्पल मर्ज्ड चालू करा (म्हणजे खालचा फोटोही टूलला दिसतो) आणि दुरुस्ती त्या लेयरवरच करा. चुकलं तर तेवढंच पुसायचं. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांवर, हात आवरता घ्या. चेहरा गुळगुळीत झाला की तो माणूस आपला राहत नाही. आपोआप चेहरा सुधारून देणारी ॲप्स म्हणूनच मला नको वाटतात, ती दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे बसवतात.

आणखी एक, गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल होते. व्हॉट्सॲपवर पाठवायला किंवा प्रिंट काढायला एक्स्पोर्ट करून जेपीजी करावी लागते. ४ बाय ६ इंची प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. ४ जीबी रॅमवर हे सगळं चालतं, फक्त त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा.

पत्रिकेकडे येतो. मराठी माणसाने ग्राफिक्सचं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना पहिली परीक्षा देवनागरीची घ्यावी. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द टाइप करून बघा, सोबत ‘राष्ट्रीय’, ‘श्रद्धा’ आणि ‘स्थिती’. रफार जागेवर बसला नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर गेली किंवा जोडाक्षरं सुटी पडली, तर ते सॉफ्टवेअर आपल्या उपयोगाचं नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो. गिम्प आणि इंकस्केप दोन्ही या परीक्षेत उतरतात. अफिनिटी हे फोटो आणि ग्राफिक्सचं आणखी एक सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झालंय आणि त्याची फोटोची साधनं चांगली आहेत, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जुळत नसे. तेव्हा ते घेतलंत तर आधी ‘दऱ्या’ लिहून बघा.

फॉन्ट युनिकोडच वापरा, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीचे. डीटीपीवाल्यांकडचे, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्यांकडचे, जुने फॉन्ट दुसऱ्या संगणकावर गेले की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत. मजकुरासाठी मला टिरो देवनागरी मराठी फार आवडतो, त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. मुंजीच्या पत्रिकेवर ‘श्री गजानन प्रसन्न’ त्या वळणात शोभून दिसतं.

इंकस्केपमध्ये पान ए५ ठेवा, कागद कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्त सोडा आणि पीडीएफ करताना अक्षरं पाथमध्ये, म्हणजे आकारांत, बदलण्याचा पर्याय निवडा. मग छापखान्यात तुमचा फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. शंभर प्रती काढण्याआधी एक नमुना जरूर मागा. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मंद उतरतो.

कुणी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची, फाइल पाठवली तर ब्राउझरमध्ये फोटोपी हे संकेतस्थळ उघडा. फाइल तुमच्याच संगणकावर राहते, बाजूला जाहिराती दिसतात तेवढंच. मोबाइलवर स्नॅपसीड हे ॲप पुरेसं आहे. मुलांना चित्रं काढायची असतील तर क्रिता द्या. अर्जासाठी फोटो ५० केबीत बसवायचा असेल तर इरफानव्ह्यू, दोन मिनिटांचं काम आहे.

एक विनंती. स्कॅन करताना फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कधी शाईतलं अक्षर असतं. आणि घरात जी सर्वांत वयस्कर व्यक्ती असेल तिच्याशेजारी बसून डावीकडून उजवीकडे कोण कोण आहे ते विचारून घ्या, फाइलच्या नावातच लिहा. आमच्या आत्याने एका दुपारी सदतीस नावं सांगितली. त्यांतली तीस आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती.